निकाल एक, कारणं छत्तीस!

इंटर्नशिपचा दुसरा आठवडा. डेस्कवरून काम आलं, ‘तरुणाई मत कशावर देते, जरा बाइट्स घेऊन ये.’ मी खूश! पळत आमच्याच कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये गेले आणि दोन कटिंगमध्ये अठरा बाइट्स गोळा करून आणले. अठरापैकी अकरा जण म्हणाले, ‘विकास’. मी रात्री जागून कॉपी लिहिली, वर हेडिंगही दिलं, ‘तरुणाईचा कौल विकासाला’. सकाळी सीनिअर सरांनी कॉपी वाचली आणि दोनच प्रश्न विचारले. ‘हे अठरा जण कोण?’ आणि ‘विकास म्हणजे काय, हे त्यांना विचारलंस का?’

पहिल्याचं उत्तर होतं, ‘सर, त्यातले चौदा आमच्याच डिपार्टमेंटचे.’ दुसऱ्याला उत्तरच नव्हतं. कॉपी गेली केराच्या टोपलीत.

राग आला, खरं सांगते. पण त्या संध्याकाळी टीव्हीवरची एक राजकीय चर्चा बघताना लक्षात आलं, की मी जे कॅन्टीनमध्ये केलं तेच सूट घालून स्टुडिओत चाललंय. एक जण म्हणतो, निकाल जातीमुळे लागला. दुसरा म्हणतो, पैशामुळे. तिसरा म्हणतो, नेत्यामुळे. चौथा म्हणतो, मतदार यादीतच गडबड आहे. सगळे ठाम. आणि ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ असं कोणी कोणाला विचारतच नाही.

राज्यशास्त्र नावाचा जो विषय आपण स्कोअरिंग म्हणून घेतो किंवा बोअरिंग म्हणून सोडतो, त्याचं अर्धं आयुष्य याच एका प्रश्नाशी भांडण्यात गेलंय. त्यात एकमेकांना टक्कर देणारे सिद्धांत आहेत आणि ते तपासायच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. परीक्षेपुरत्या पाठ केल्या तर रुक्ष वाटतात. पण आपल्याच राज्याचा एखादा निकाल समोर ठेवून बघा, चित्र बदलतं. तर चला, २०२४ कडे जाऊ.

सहा महिन्यांत उलटापालट

आकडे आधी. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. राज्यातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि सांगलीत एक अपक्ष. सहा महिनेही झाले नाहीत तोच २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल आला. २८८ पैकी भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. तिघांचे मिळून २३०. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांचा पक्ष १०. एकूण ४६.

राज्य तेच, नेते तेच, मतदारही बहुतेक तेच. मग झालं काय? राज्यशास्त्रातले चार चष्मे एकेक करून घालून बघू.

पहिला चष्मा समाजाचा. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत गेले. त्याच त्याच लोकांना महिन्यामागून महिने पुन्हा भेटत राहिले. प्रचाराने माणसाचं मत कसं पालटतं, हे त्यांना बघायचं होतं. सापडलं भलतंच! प्रचाराने मत पालटणारे फारच थोडे निघाले. माणूस कुठल्या धर्माचा, किती कमावतो, शहरात राहतो की खेड्यात, कोणात उठतो-बसतो, यावरून त्याच्या मताचा बराचसा अंदाज बांधता येत होता. या चष्म्यातून पाहिलं की आपल्याकडे मराठा आरक्षण आणि ओबीसींची गोळाबेरीज ठळक दिसते.

दुसरा चष्मा पक्षनिष्ठेचा. मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९६० मध्ये मांडलं, की पक्ष ही बऱ्याच लोकांसाठी घरातून मिळालेली ओळख असते. आजोबा ज्या पक्षाचे, त्याच पक्षाचा नातू. आपल्याकडेही ‘आमचं घर पहिल्यापासून त्यांचं’ असं म्हणणारे कमी नाहीत. पण २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह फुटून निघालेल्या गटांना दिलं. मग निष्ठा होती कोणावर? धनुष्यबाणावर की मातोश्रीवर? घड्याळावर की साहेबांवर? मिशिगनवाल्यांना असला पेपर कधी सोडवावा लागला नसेल!

तिसरा चष्मा हिशोबाचा. १९५७ मध्ये अँथनी डाउन्स यांनी म्हटलं, मतदार बाजारातल्या गिऱ्हाइकासारखा विचार करतो. कोणता पक्ष आला तर माझा फायदा जास्त, हे बघतो आणि मत देतो. या चष्म्यातून एकच गोष्ट दिसते, महिन्याचे १५०० रुपये.

चौथा चष्मा नियमांचा. तो टीव्हीवर जवळजवळ कधीच दिसत नाही आणि मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो हाच. लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांच्या टक्केवारीत एका टक्क्याचाही फरक नव्हता. दोघीही ४३-४४ च्या घरात. तरी जागा ३० आणि १७. विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांना मिळून साधारण ४८ टक्के मतं मिळाली, पण जागा जवळपास ८० टक्के. आघाडीच्या तिघांना साधारण ३४ टक्के मतं आणि जागा १६ टक्के. आपल्याकडे ज्याला सर्वाधिक मतं तो जिंकतो, बाकीच्यांची मतं जागेत मोजलीच जात नाहीत. त्यामुळे मतं थोडी सरकली तरी जागा धडाधड कोसळतात. म्हणजे ‘महाराष्ट्राने सहा महिन्यांत मन बदललं’ या वाक्यातला निदान काही भाग मनाचा नाही, मोजणीच्या नियमाचा आहे.

आता सांगा, चौघांतला खरा कोण? इथेच आपण घाई करतो. हे सिद्धांत एकाच प्रश्नाची चार उत्तरं देत नाहीत. ते चार वेगळे प्रश्न विचारतात. समाजवाला विचारतो, गट कोणाकडे गेला? हिशोबवाला विचारतो, माणसाला काय मिळालं? नियमवाला विचारतो, मतांच्या जागा कशा झाल्या? तुम्ही जो चष्मा घालाल तेच दिसेल. म्हणून एकाच चष्म्यावर भरवसा ठेवायचा नाही, आणि दिसलं ते खरं का, हे तपासायचं.

लाडक्या बहिणीचा पेपर

तपासायचं म्हणजे काय करायचं? सगळ्यात लोकप्रिय कारणच घेऊ. ‘लाडकी बहीणने निवडणूक फिरवली.’ हे वाक्य तुम्ही कट्ट्यावर, व्हॉट्सअॅपवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकलं असेल. मीही म्हणत होते.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, ऑगस्टपासून पैसे जमा व्हायला लागले आणि दोन कोटींहून जास्त महिलांपर्यंत ती गेली. मग नोव्हेंबरमध्ये महायुती जिंकली. आधी योजना, नंतर विजय. झालं की सिद्ध!

थांबा. विधानसभेला महिलांचं मतदान २०१९ मधल्या सुमारे ५९ टक्क्यांवरून सुमारे ६५ टक्क्यांवर गेलं, ही मोठी वाढ. हा आकडा सगळ्यांनी सांगितला. पण पुरुषांचं मतदानही सुमारे ६३ वरून सुमारे ६७ टक्क्यांवर गेलं, हे किती जणांनी सांगितलं? पुरुषांच्या खात्यात तर काही जमा होत नव्हतं. म्हणजे सगळ्यांनाच बाहेर काढणारं काहीतरी होतं आणि महिलांच्या बाबतीत त्यात आणखी भर पडली. त्या भरीतला काही वाटा योजनेचा असू शकतो. पण ‘असू शकतो’ आणि ‘फिरवली’ यात बरंच अंतर आहे.

दुसरी गोष्ट. डाउन्सच्या हिशोबाने मतदार जास्त फायदा देणाऱ्याकडे जाणार. महायुतीने १५०० चे २१०० करू म्हटलं. आघाडीने थेट ३००० चं वचन दिलं. दुप्पट! तरी आघाडी हरली. इथे हिशोबवाला म्हणेल, ‘हातातले पंधराशे आणि तोंडातले तीन हजार यात फरक आहे. लोकांनी विश्वास कोणावर ठेवायचा तेही मोजलं.’ बरोबर आहे त्याचं. पण विश्वास आला की गोष्ट नुसत्या रुपयांची राहत नाही, ती माणसांच्या ओळखीची आणि अनुभवाची होते. म्हणजे पहिल्या दोन चष्म्यांकडे परत जावं लागतं.

तिसरी गोष्ट तुलनेची. विधानसभेच्या निकालादिवशीच झारखंडचाही निकाल लागला. तिथल्या हेमंत सोरेन सरकारनेही महिलांच्या खात्यात पैसे देणारी ‘मंईयां सन्मान योजना’ आणली होती. ते सरकारही परत आलं. २०२३ मध्ये मध्य प्रदेशात ‘लाडली बहना’ होती, तिथेही सत्ताधारी जिंकले. तीन उदाहरणं, तीन विजय. पॅटर्न पक्का?

आता आंध्र प्रदेश घ्या. जगनमोहन रेड्डी सरकारने पाच वर्षं महिलांच्या, विद्यार्थ्यांच्या आयांच्या, ज्येष्ठांच्या खात्यात थेट पैसे टाकले. खात्यात पैसे टाकणं हीच त्या सरकारची मोठी ओळख होती. २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाला १७५ पैकी फक्त ११ जागा मिळाल्या. राजस्थानात २०२३ मध्ये अशोक गेहलोत यांच्याकडे आरोग्य विमा होता, पाचशेत सिलिंडर होता, महिलांना स्मार्टफोन होते. हरले.

फक्त जिंकलेल्यांची यादी करून कारण शोधायचं, ही राज्यशास्त्रातली नावाजलेली चूक आहे. टॉपर रोज दूध प्यायचा, म्हणून दूध प्यायलं की टॉप येतो, असं म्हणण्यासारखं. अहो, नापास झालेलेही दूध पीत होते! हरलेल्यांना यादीत घेतलं की प्रश्न सुधारतो. ‘योजनेने मतं मिळतात का?’ ऐवजी ‘कोणत्या परिस्थितीत मिळतात आणि कोणत्या परिस्थितीत नाही?’ असा होतो. याचं उत्तर बाइटमध्ये मावत नाही, म्हणून ते टीव्हीवर येत नाही.

चोवीस लाखही कमी पडले

आता माझ्या अठरा बाइट्सकडे परत येऊ. माझा पहिला बचाव होता, ‘सर, अठराशे घेतले असते तर चाललं असतं ना?’ नसतं चाललं. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून त्यांनी जाहीर केलं, रिपब्लिकन आल्फ लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन जिंकले. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने फारच थोड्या लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता.

घोळ कुठे झाला? नावं घेतली होती टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि गाड्यांच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात ज्याच्या घरी फोन आणि दारात गाडी, तो कोण असणार? वर, पत्रिका परत पाठवायचे कष्ट घेणारेही वेगळे. रूझवेल्टवर चिडलेला माणूस जास्त उत्साहाने पोस्टात गेला. म्हणजे संख्या मोठी असून भागत नाही. प्रत्येकाला निवडलं जायची संधी मिळाली का, हे महत्त्वाचं. माझं कॅन्टीन म्हणजे माझी टेलिफोन डिरेक्टरी होती. तुमचं इन्स्टाचं पोलही तेच. स्टोरीवर ‘कोण जिंकणार?’ टाकून ८० टक्के मिळाले की तुम्ही राज्याचा नाही, तुमच्या फॉलोअर्सचा कौल मोजलेला असतो.

दिल्लीची सीएसडीएस ही संस्था १९६३ मध्ये रजनी कोठारींनी स्थापन केली. तिच्या ‘लोकनीती’ गटाचे निवडणूक अभ्यास आपण बातम्यांत वाचतो, त्यात पुण्याचे प्रा. सुहास पळशीकर यांचा मोठा वाटा. तिथे मतदार यादीतून ठरावीक पद्धतीने नावं काढतात आणि मतदानानंतर त्या माणसाच्या घरी जाऊन विचारतात. मत कोणाला दिलं, हे तोंडाने सांगायला लागू नये म्हणून नकली मतपत्रिका देऊन पेटीत टाकायला सांगण्याची पद्धत त्यांनी वापरली. का? कारण नवरा, सासरा किंवा शेजारी उभा असताना बाई काय सांगेल, हे वेगळं सांगायला नको.

एवढं करूनही चुका होतात. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एग्झिट पोल्सनी एनडीएला ३५० च्या पुढे नेऊन ठेवलं. मिळाल्या २९३. लोक उत्तर द्यायला घाबरतात, काही जण जिंकणाऱ्याचं नाव सांगतात, आणि मतांचा अंदाज बरोबर आला तरी त्याच्या जागा करताना चौथ्या चष्म्यातला तो नियम घात करतो.

जिल्हा मत देत नाही

मग लोक म्हणतात, माणसांना विचारायलाच नको, सरळ आकडे बघू. ‘ज्या मतदारसंघात महिलांचं मतदान वाढलं तिथे अमुक पक्ष जिंकला, म्हणजे महिलांनी त्यांना मत दिलं.’ ऐकायला किती बरोबर वाटतं!

१९५० मध्ये विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या जनगणनेतून एक गंमत दाखवली. ज्या राज्यांत परदेशातून आलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त होती. मग परदेशी लोक जास्त शिकलेले होते का? उलट! एकेका माणसाकडे पाहिलं तर त्यांच्यात निरक्षर जास्त होते. ते फक्त अशा राज्यांत जाऊन राहिले होते जिथले बाकीचे लोक शिकलेले होते. सरासरी प्रदेशाची होती, निष्कर्ष माणसाचा काढला की फसलो.

आपल्या मतदारसंघाचंही तसंच. मतदान वाढलं असेल महिलांचं, पण पारडं फिरवलं असेल पुरुषांनी. ईव्हीएम बायकांची आणि पुरुषांची मतं वेगळी सांगत नाही. मतदार यादीच्या वादातही हे लक्षात ठेवा. लोकसभा ते विधानसभा या काळात राज्याच्या यादीत सुमारे ४० लाख नावांची भर पडली. विरोधकांनी त्यावर बोट ठेवलं, आयोगाने आरोप फेटाळले. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, ‘जिथे नावं वाढली तिथे अमुक जिंकले’ एवढ्यावरून नव्या नावांनी कोणाला मत दिलं हे सिद्ध होत नाही, आणि यादी निर्दोष आहे हेही नाही. त्यासाठी नावागणिक पडताळणीच लागते. पुरावा कोणत्या पातळीचा आणि दावा कोणत्या पातळीचा, हे जुळलं पाहिजे.

मुंबईची चिठ्ठी

मग ‘यामुळेच ते झालं’ असं कधी म्हणताच येत नाही का? येतं. त्यासाठी कारण चिठ्ठी टाकून वाटलं गेलेलं असलं तर उत्तम. औषधाच्या चाचणीत करतात तसं. पण राजकारणात चिठ्ठ्या कोण टाकणार?

आपली महापालिका! निवडणूक आली की कोणता प्रभाग महिलांसाठी राखीव, याची सोडत निघते. इच्छुकांचे चेहरे पडतात, मग पत्नीचे बॅनर लागतात, हे आपण बघतो. रिखिल भवनानी या अभ्यासकाने याच गोष्टीत प्रयोगशाळा पाहिली. मुंबईत १९९७ ला जे प्रभाग महिलांसाठी राखीव होते त्यांतले बरेच २००२ ला खुले झाले. त्यांची तुलना त्याने आधीही राखीव नसलेल्या खुल्या प्रभागांशी केली. प्रभाग चिठ्ठीने ठरले होते, म्हणजे बाकी बाबतीत दोन्ही गट सारखेच. २००९ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की आधी राखीव असलेल्या प्रभागात, आरक्षण उठल्यानंतरही, महिला निवडून यायची शक्यता साधारण पाचपट होती.

‘आरक्षणाने काही होत नाही, सगळ्या नवऱ्याच्या रबर स्टॅम्प’ हे वाक्य आपण किती सहज फेकतो. या एका अभ्यासाने ते पूर्ण खोडलं असं नाही, पण आता ते म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी अशाच सोडतीचा आधार घेऊन २००४ मध्ये दाखवलं होतं, की महिला सरपंच असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं. डुफ्लो यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

लाडकी बहीणचंही असं काही करता येईल का, हा विचार मी बसमध्ये करत बसले होते. योजनेची वयोमर्यादा ६५. समजा एकाच गल्लीतल्या ६४ वर्षांच्या आणि ६६ वर्षांच्या बायकांची तुलना केली तर? वयात दोनच वर्षांचा फरक, पण एकीला पैसे येतात, दुसरीला नाही. दोघींच्या मतांत फरक दिसला तर तो बराचसा योजनेचा म्हणता येईल. आयडिया भारी वाटली. पण मग आठवलं, ६६ च्या आजीच्या घरात सुनेला पैसे येतच असतील ना! पैसे खात्यात एकीच्या, पण किराणा तर एकच.

मावशीचं उत्तर

म्हणून शेवटी फोन लावला मावशीला. ती सोलापूर जिल्ह्यात असते, योजनेचे पैसे तिला येतात. मी इंटर्नच्या रुबाबात विचारलं, ‘मावशी, तू पैशांमुळे मत दिलंस का गं?’

‘अगं, आले ते घेतले. सरकारचे पैसे आहेत, कुणाच्या घरचे नाहीत. पण मत त्यांनाच दिलं, हे तुला कुणी सांगितलं?’

मी गप्प. मग तीच पुढे बोलली. पैसे आले तेव्हा पहिल्यांदा ती एकटी बँकेत गेली. पहिल्या हप्त्यात धाकट्याचं दप्तर आणि स्वतःला चप्पल घेतली. ‘तुझ्या काकांना विचारावं लागलं नाही, एवढंच बघ.’ मत कोणाला दिलं ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही परत विचारलं नाही.

एक मावशी म्हणजे महाराष्ट्र नव्हे. अठरा चुकीचे तर एक कशी बरोबर? पण तिच्याकडून मला आकडा नव्हे, माझ्या प्रश्नातली चूक मिळाली. मी धरूनच चालले होते, की पैसे घेतले म्हणजे मत विकलं. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच जागा असलेल्या फॉर्ममध्ये मावशीचं उत्तर बसलंच नसतं. मुकुलिका बॅनर्जी या मानववंशशास्त्रज्ञांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत वेगवेगळ्या राज्यांत संशोधक पाठवून लोकांचं नुसतं बोलणं ऐकलं. गरीब माणूस पैशासाठी किंवा दबावाखाली मत देतो, असं शहरात सर्रास म्हणतात. त्यांना मात्र मतदानाला कर्तव्य मानणारे, रांगेत सगळ्यांबरोबर समान उभं राहण्याचं मोल सांगणारे लोक भेटले. हे सर्व्हेच्या टिकमार्कमध्ये सापडणं कठीण.

या पद्धतींमध्येही भांडणं आहेत बरं का! २००० साली अमेरिकेत ‘मिस्टर पेरेस्त्रोइका’ या नावाने एक निनावी ईमेल फिरला. राज्यशास्त्रात सगळा मान आकडेवाल्यांना आणि गणिती मॉडेलवाल्यांनाच का, असा त्याचा सूर होता. त्यावरून मोठं वादळ झालं. आकडेवाले म्हणतात, तुमच्या गप्पांवरून सगळ्यांबद्दल कसं बोलणार? गप्पावाले म्हणतात, तुमच्या आकड्यांत माणूस कुठाय? मला मावशीच्या फोननंतर वाटलं, दोघांनाही एकमेकांची गरज आहे. मावशीने प्रश्न सुधारला. आता तो सुधारलेला प्रश्न नीट निवडलेल्या हजार बायकांना विचारायला हवा.

तुम्हाला काय त्याचं?

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे पीएचडी करायचीय! पण आपण जे कारण खरं मानतो त्यावरून पुढचं राजकारण ठरतं. ‘बायका पंधराशेत फिरल्या’ हे खरं मानलं, की पक्ष फक्त आकडा वाढवण्याची बोली लावणार. ‘सगळी जातच आहे’ हे मानलं, की तिकिटं फक्त जात बघून वाटणार. आणि ‘सगळाच घोटाळा आहे’ हे पुराव्याशिवाय मानलं, की तुम्ही आणि मी पुढच्या वेळी मतदानाला जाणारच नाही. चुकीच्या निदानावर औषध दिलं तर दुखणं आपलंच वाढणार. शिवाय दोन कोटी बायकांना ‘विकल्या गेल्या’ म्हणणं हा नुसता राजकीय अंदाज नसतो, तो अपमानही असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘निकाल यामुळेच लागला’ म्हणालं, की चहा खाली ठेवून एवढं विचारा:

■ कोणाला विचारलं आणि त्यांना निवडलं कसं?
■ हेच कारण असूनही उलटा निकाल कुठे लागला?
■ आकडा मतदारसंघाचा आहे की माणसाचा?
■ मतं किती सरकली आणि जागा किती सरकल्या?
■ काय दिसलं तर तुम्ही तुमचं मत बदलाल?

शेवटच्या प्रश्नाला ‘काहीही दिसलं तरी बदलणार नाही’ असं उत्तर आलं, तर समजा, समोरचा विश्लेषण करत नाहीये, प्रचार करतोय. हा प्रश्न आधी स्वतःला विचारा मात्र. मला त्याचं उत्तर द्यायला दोन दिवस लागले.

आणि हो, ती कॉपी मी परत लिहितेय. या वेळी कॅन्टीन सोडून एसटी स्टँड, आयटीआय, नाका आणि एमपीएससीच्या अभ्यासिका अशी यादी केलीय. विकास म्हणजे काय, हेही विचारणार आहे. हेडिंग अजून ठरवलेलं नाही. सर म्हणाले, ‘हेडिंग शेवटी.’